नुसती मान हलवली

वरसे, रोहा
१४ जून

चंद्रावती,

पत्र बघून तुला नवल वाटेल. हल्ली कोण पत्र लिहितं? पण फोनवर तुझा आवाज घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा येतो. रेंजचा काहीतरी गोंधळ आहे. मनस्वीच्या मोबाईलवर मेसेज टाकला तर आधी ती वाचणार, मग जावई वाचणार, मग तुझ्यापर्यंत येणार. म्हणून पोस्टानं पाठवतो. तू एकटीनंच वाच.

इथं सगळं ठीक आहे. कुकरची शिटी बिघडली होती. बाजारातून नवी आणली, तीही तसलीच निघाली. परत करून दुसरी आणली, तीही तशीच. नुसती वाफ सोडते, वाजत नाही. भात दोनदा करपला. दुकानदाराला चांगला फैलावर घेतला. आजकाल एक वस्तू धड मिळत नाही.

शेजारच्या रंभावहिनी दारात विचारत होत्या, लेकीला बाळंतपणाला इकडे का नाही आणलं? पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत मला ठाऊक नाही का? मी सांगितलं, डॉक्टरनं प्रवास करू नको म्हटलंय, म्हणून तिची आईच पेणला गेली. त्यांना खरं वाटलं. वाटलं असावं.

खरं काय ते तुला माहीत आहे. मनस्वी म्हणाली, "बाबांच्या आरडाओरड्यात मला बाळंत व्हायचं नाय." आणि तिला समजवायचं सोडून तू तुझीच बॅग भरलीस.

डोहाळजेवणाचा दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. व्याही चारचौघांत मला विचारतात, "साडी मिळाली का लगेच?" म्हणजे काय, आम्ही घाईत कुठलीही स्वस्तातली उचलून आणली? मी सरळ सांगितलं, "आमच्या ऐपतीप्रमाणं आणलीय. पसंत नसेल तर परत द्या." सगळे हसले. मग तू माझ्या कानाशी येऊन ओरडलीस, "अवो, गाडी! गाडी लगेच मिळाली का, असं विचारतायत!" गाडी म्हणायचं होतं तर नीट म्हणावं. पानाचा तोबरा भरून कोण बोलतं? पण तू मला पेणच्या लोकांपुढं बहिरा ठरवलंस. घरी आल्यावर मी बोललो ते जरा जास्त झालं असेल. ताट फेकायला नको होतं. पण त्या वेळी माझ्या जिवाला काय वाटलं, ते तू विचारलंस का?

माझे कान शाबूत आहेत. धाटावच्या कंपनीत अख्खी नोकरी मशीनच्या आवाजात काढली. जायचे असते तर केव्हाच गेले असते.

मनस्वीला जप.

बाबाजी


वरसे, रोहा
१९ जुलै

चंद्रावती,

तुझं कार्ड मिळालं. "तब्येत सांभाळा. कानाच्या डाक्टरकडे जा." एवढं लिहायला पोस्टाचं तिकीट कशाला खर्च केलंस?

कंपनीत अपघात झाला. मला काही झालेलं नाही. आपल्या याकूबला लागलं. आम्ही एकाच वर्षी लागलो, एकाच वर्षी सुटणार, असं अष्टमी गावातल्या त्याच्या ओटीवर बसून किती वेळा म्हणालो असू. आणि बघ.

आम्ही दोघं पंपापाशी होतो. मी पाठमोरा, व्हॉल्व्ह आवळत होतो. वरच्या पाइपाचा जोड फुटला आणि आतलं उकळतं बाहेर उडायला लागलं. मला कळलं तेव्हा याकूब माझी कॉलर धरून मला मागं ओढत होता. मी सुटलो, त्याचा पाय घसरला. माझ्या पाठीवर यायचं ते त्याच्या उजव्या हातावर आलं. वर मनगटही मोडलं.

अशा वेळी हूटर वाजतो. हूटर वाजला की हातातलं टाकून पळायचं, हा नियम. पण वाजलाच नाही. पॅनलवर रितेश होता. आपल्याकडं गेल्या वर्षी लग्नाची पत्रिका द्यायला आला होता तो. तो म्हणतो, बटण दाबलं, हूटर वाजला. पलीकडं कॉम्प्रेसर चालू, तिथल्या लोकांना काही कळलं नाही. याकूब बेशुद्धीच्या इंजेक्शनात. राहिलो मी. सेफ्टीच्या साहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "साहेब, मी हूटरच्या खाली उभा होतो. वाजला असता तर ऐकला नसता का?"

जुन्या माणसाच्या शब्दाला किंमत असते. रितेशला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं आहे. वाईट वाटतं, पण डोकं मोबाईलमध्ये घालून पॅनलवर बसलं की हेच व्हायचं. याकूबचा हात बघितल्यावर मला दया येईना.

बाबाजी


वरसे, रोहा
३ ऑगस्ट

चंद्रावती,

हे लिहितोय खरं. पोस्टात टाकीन की नाही, माहीत नाही.

याकूबला बघायला गेलो. हात कोपरापर्यंत बांधलेला. हाजरावहिनी त्याला घास भरवत होत्या. मला बघून म्हणाला, "ये, बघ माझी ऐश. निकाहात भरवलं नव्हतं हिनं, आता भरवते." वहिनी हसल्या नाहीत. त्या भांडी धुवायला गेल्या तसं त्यानं मला जवळ बसवलं. त्याचा आवाज जाड आहे, तो मला कळतो.

"रितेशला घरी का बसवलंय?"

"हूटर वाजवला नाय म्हणून."

"असं कोण बोललं?"

"मी."

त्यानं बांधलेला हात मांडीवर घेतला. मग म्हणाला, "अरे, हूटर वाजला म्हणून तर मी पळालो. दारापर्यंत पोचलो. वळून बघतो तर तू तसाच उभा, पाठ करून. हाका मारल्या. घसा फाटेपर्यंत मारल्या. मग आलो मागं."

मी म्हटलं, "तुझी गफलत होतेय. धावपळीत तसं वाटलं असेल."

"माझा हात बघ," तो म्हणाला, "आणि परत बोल."

त्यानं तोंड भिंतीकडं केलं. तसंच बोलत होता म्हणून ऐकायला मला उठून त्याच्या तोंडाजवळ जावं लागलं. म्हणाला, "साहेब येऊन गेले. मी सांगितलं, मला काय आठवत नाय. आयुष्यात तुझ्यासाठी पहिल्यांदा खोटं बोललो. आता खरं काय ते तू जाऊन सांग. मी सांगितलं तर तू जलमभर म्हणशील, याकूबनं मला उघडा पाडला."

घरी आलो. कुकर लावला आणि ओट्यापाशी उभा राहिलो. वाफ उसळली. शिटी वर उडाली, थरथरली, खाली बसली, परत उडाली. मला काही नाही. नुसती शांतता. मान वर केली तर समोरच्या खिडकीतून रंभावहिनी हातवारे करत होत्या: गॅस बंद करा, गॅस बंद करा! त्यांना त्यांच्या घरात ऐकू येत होती.

त्या दुकानदाराला मी चारचौघांत चोर म्हटलं होतं, चंद्रावती.

उद्या साहेबांकडं जाईन.

बाबाजी


वरसे, रोहा
१८ ऑगस्ट

चंद्रावती,

गेलो नाही.

रोज सकाळी ठरवतो, कपडे करतो, बसमध्ये बसतो. धाटावचा नाका आला की उतरतो आणि साहेबांची केबिन टाळून सरळ पंपापाशी जातो. एकदा तोंडातून निघालं की कान तपासणार, प्लांटमधून काढणार. मग कँटीनमध्ये, बसमध्ये, नाक्यावर, बहिरा आला, बहिरा गेला. माझ्या कानात त्यांचं हसू आत्ताच वाजतं. बाकी काही वाजत नाही, तेवढं मात्र वाजतं.

पण लिहायला बसलो ते वेगळ्यासाठी. रविवारी एक बाई दारात आली. रितेशची आई, सरू. मी तिला कधी बघितलेली नव्हती, रितेशच्याच चेहऱ्यावरून ओळखली. आत या म्हटलं, आली नाही. पायरीवर उभी राहून बोलायला लागली. आवाज अगदी बारीक, त्यात रडत होती. मला "रितेश" तेवढं कळलं, पुढचं सगळं वाऱ्यावर. मी नेहमी करतो ते केलं. मान हलवली. ती आणखी काही बोलली. मी आणखी हलवली. तिचा चेहरा एकदम उजळला. माझ्या पायाला हात लावायला वाकली. मी मागं सरकलो तर जमिनीला हात लावून कपाळाला लावला आणि गेली.

मला विचारायची लाज वाटत होती. तरी रंभावहिनींना विचारलं, त्या अंगणातच होत्या. त्या जवळ आल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "अवो भाऊ, ती बोलली, सायबांना खरं काय ते उद्या सांगाल ना? आणि तुमी व्हय केलंत. ती बोलली, देवाची शपथ? तरी व्हय केलंत."

सोमवारी रितेश गेटवर उभा होता. इस्त्रीचा शर्ट घालून. बस थांबली तसा पुढं आला, चेहऱ्यावर हसू. मी दुसऱ्या बाजूनं उतरलो, चार माणसांच्या आडून आत गेलो. दिवसभर पंपापाशी उभा राहिलो. सुटी झाली तेव्हा तो तिथंच होता, पण हसत नव्हता.

माझं थोबाड आरशात बघवत नाही. दाढी न बघता करतो.

बाबाजी


वरसे, रोहा
६ सप्टेंबर

चंद्रावती,

नात झाली, तुझं कार्ड मिळालं. बारशाला आलो नाही. शिफ्ट लागली म्हणून जावई आदेशरावांना मेसेज केला होता. शिफ्ट नव्हती. तुला हे कळलंच असेल, मला खोटं बोलताना तू नेहमी ओळखतेस.

मी निघालो होतो. झबलं-टोपडं पिशवीत होतं, सकाळच्या गाडीत बसलोही होतो. नागोठण्यापर्यंत ठीक होतो. पुढं डोळ्यांसमोर तुमची ओटी यायला लागली. बायका नाव सांगणार, कुर्र करणार, मला कळणार नाही. व्याही काही विचारणार, मी भलतंच बोलणार. मनस्वी तुझ्याकडं बघणार. तू खाली बघणार. कासू स्टेशन आलं आणि मी उतरलो. गाडी पेणकडं गेली. माझ्याशिवाय.

परतीच्या गाडीची वाट बघत बाकावर बसलो. शेजारी एक बाई टोपलीत कारली-शिराळी घेऊन बसली होती. ती मला काहीतरी बोलली. मी मान हलवली. ती उठून समोरच्या फलाटावर गेली आणि तिथून मला हात करायला लागली. मी मान फिरवली. मला वाटलं, हसतेय. गाडी आली, समोरच्या फलाटावर. रोह्याचीच होती. मी जिना चढेपर्यंत निघून गेली, परत बाकावर येऊन बसलो.

ती बाई गेली नव्हती. तिला पनवेलकडं जायचं होतं. ती टोपली घेऊन जिन्यानं परत माझ्यापाशी आली आणि रागानं काहीतरी बोलली. चंद्रावती, का कोण जाणे, माझी मान हलेना. मी म्हटलं, "बाई, मला ऐकू येत नाय. परत सांगा."

हे मी तोंडानं पहिल्यांदाच बोललो. तुझ्यापाशीसुद्धा बोललो नव्हतो.

ती हसली नाही. कानाशी वाकली. तिच्या पदराला शिराळ्यांचा वास होता. "मगाशीच बोलले नाय का, रोह्याची गाडी आज त्या फलाटावर येतेय! मग तसं सांगायचं ना भाऊ, मान कशाला डोलवता?" मग टोपलीशेजारी बसली आणि पुढची गाडी कधी आहे ते मोठमोठ्यानं समजावून सांगितलं. फलाटावरच्या सगळ्यांनी ऐकलं. एकानं आपल्या पिशव्या उचलून मला सावलीत जागा दिली. बाकीचे आपापल्या मोबाईलमध्ये होते. कोणाला काही पडलेलं नव्हतं.

दुपारभर तिथं बसून एकच विचार करत होतो. मला कोणाचं बोलणं ऐकू येत नव्हतं, तर लोक मला हसतात हे मी कुठून ऐकलं? ते सगळं बोलणं मीच रचलेलं होतं. माणसांच्या तोंडात मीच घालत होतो आणि मीच त्यावर चिडत होतो. ताट फेकलं तेही असंच. तुझ्या तोंडून जे मी ऐकलं, ते तू बोललीच नव्हतीस.

झबलं पोस्टानं पाठवतोय. नातीचं नाव लिहून कळव.

बाबाजी


वरसे, रोहा
२४ सप्टेंबर

चंद्रावती,

सफा नावाची एक पोरगी याकूबच्या शेजारी राहते. नर्सिंग शिकते. ती त्याच्या हाताला रोज तेल लावून व्यायाम करून घेते. दोन बोटं वळत नाहीत, आता वळायची पण नाहीत. दहा-बारा दिवसांपूर्वी मी बसलो होतो तेव्हा तो व्यायाम करताना ओरडला, तिला शिवी दिली, मग माफी मागितली. मी म्हटलं, तुझं बरं, तू हसत घेतोस. तर म्हणाला, "काय हसत घेतो? हात सगळ्यांना दिसतो, मला लपवायला जागाच नाय. तुझं दिसत नाय, म्हणून तू लपवत बसलास. माझ्यापेक्षा तुझं कठीण. पण बाबाजी, आता बस कर."

दुसऱ्या दिवशी साहेबांकडं गेलो. सांगितलं. साहेबांनी विचारलं, "हे तुम्हाला कधी कळलं?" मी म्हटलं, "महिना होऊन गेला." त्यांनी पेन खाली ठेवलं. मग काहीतरी हळू बोलले. मी म्हटलं, "साहेब, मोठ्यानं बोला." ते म्हणाले, "महिनाभर तो माणूस उगाच घरी बसलाय, असं म्हणालो." मोठ्यानं म्हणाले. बाहेरच्या टेबलांवर पण ऐकू गेलं असेल.

रितेशला परत घेतलं. मला प्लांटमध्ये पाय ठेवायला बंदी. स्टोअरच्या खिडकीत बसून हातमोजे आणि साबण वाटतो. माझ्यावर पण चौकशीचा कागद निघाला आहे, त्याचं काय व्हायचं ते होईल. कोणी बहिरा म्हणत नाही. काहीजण माझ्याशी बोलतच नाहीत, पण ते कानामुळं नाही.

रितेश कामावर आला त्या दिवशी मी गेटवर थांबलो. त्याच्यापुढं हात जोडले. तो खाली बघून काहीतरी बोलला. नेहमीसारखी मान हलवून मोकळं होता आलं असतं. मी म्हटलं, "परत सांग, बाबा. नाय ऐकू आलं."

त्यानं मान वर केली. शिफ्ट सुटलेली, गेट माणसांनी भरलेलं. तो सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाला, "तुमी सांगितलंत ते बरं केलंत. पण माझी आय तुमच्या पायरीवर रडली आणि तुमी तिला हो म्हणून मला गेटवर उभा ठेवलात. ते मी विसरायचो नाय."

"बरोबर हाय," मी म्हटलं.

अलिबागला जाऊन कान तपासले. डॉक्टरांनी कागदावर रेघ काढून दाखवली. बारीक आवाज आधी जातात म्हणे. शिटी, हूटर, बायकांचे आवाज, मुलांचे आवाज. जाड आवाज शिल्लक राहतात, म्हणून माणसाला वाटतं कान ठीक आहेत, लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात. तू हळू बोलत नव्हतीस.

मशीन घेतलं. कानात घालून दवाखान्याबाहेर आलो आणि रिक्षावाल्याला स्टँडवर सोड म्हटलं, तर कोणीतरी खेकसल्यासारखं झालं. मी मागं वळून बघितलं. मागं कोणी नव्हतं. तो माझाच आवाज होता.

एवढ्या मोठ्यानं मी घरात बोलत होतो?

येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी पेणला येतो. नको असेल तर लिही.

बाबाजी


वरसे, रोहा
५ ऑक्टोबर

चंद्रावती,

काल तुझ्याशी बोलायचं राहिलं ते लिहितो. तिथं माझ्यानं झालं नाही.

व्याह्यांनी काही विचारलं तेव्हा मी म्हटलं, "मला कमी ऐकू येतं, या बाजूनं बोला." ते उठले, खिडकीतून पिंक टाकून आले, माझ्या उजव्या बाजूला बसले आणि म्हणाले, "चहात साखर चालते का, असं विचारत होतो." यासाठी मी कासूला उतरलो होतो! नातीला मांडीवर घेतलं तेव्हा मनस्वी दोन हात पुढं धरून उभी होती, मी ओरडलो तर लगेच उचलून घ्यायला. तिला वाटलं मला ते दिसलं नाही. माझे डोळे चांगले आहेत.

मग तू कामाला लागलीस त्या गणपतीच्या कारखान्यात आलो. पुढच्या वर्षीच्या मूर्तींचं काम सुरू झालेलं, तू पॉलिश पेपरनं एका मूर्तीचा हात घासत होतीस. मी म्हटलं, चल घरी. तू घासायची थांबली नाहीस. म्हणालीस, "तुमी बहिरे झालात म्हणून मी नाय गेले. मला तुमच्या आवाजाची भीती बसलीय. तुमी हाक मारलीत तरी छाती धडधडते. ती जाईपर्यंत मी नाय यायची."

तुझा आवाज कित्येक वर्षांनी मला पहिल्या फटक्यात नीट ऐकू आला, आणि त्यात हे ऐकू आलं. मी तुझ्याकडं बघू शकलो नाही. हात पांढरे झालेले तुझे, मी त्यांच्याकडं बघत राहिलो. मशीन कानातून काढून टाकावंसं वाटलं. काढलं नाही.

तू सांगितलंस ते मान्य आहे. तू तिथं काम कर. हे रागानं लिहीत नाही. मी दर रविवारी येईन, ओटीवर बसेन, संध्याकाळी परत जाईन. याकूबला सांगून ठेवलं आहे, माझा आवाज चढला की हात वर करायचा. आज त्यानं इतक्या वेळा केला की शेवटी म्हणाला, "अरे, याला पण व्यायाम झाला." भीती किती दिवसांनी जाते, मला माहीत नाही. जाईलच असंही नाही.

काल तू स्टेशनवर सोडायला आलीस. त्याची अपेक्षा नव्हती. आपण बाकावर बसलो. गाडी हलली तेव्हा तू काहीतरी बोललीस. मशीनमध्ये नुसता चाकांचा खडखडाट भरला होता. मी दारात उभा होतो. मान हलवली नाही. कानामागं हात धरला आणि नाय ऐकू आलं अशी खूण केली. तू पदर खोचलास आणि गाडीबरोबर चालायला लागलीस, मग जवळजवळ धावतच, आणि सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशी ओरडलीस,

"पोचलात की लिवा!"

पोचलो.

बाबाजी